पाया भरण्याआधी

जालना रोडवरच्या हायकोर्टाच्या खंडपीठातून तू आत्ताच बाहेर पडलीस. बांधकामाच्या वादातली तुझी पहिली फाईल काखेत आहे. एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तकात, खोदाईपुढे ‘कठीण खडक’ लिहिलंय. खातं म्हणतं, तो मुरूम होता. दोन्हींच्या दरात आपला ठेकेदार बुडेल एवढं अंतर. फाईल मिटव. चल माझ्याबरोबर.

1980. मध्यरात्रीचं मनमाड. औरंगाबादहून मीटरगेजच्या गाडीने आलीस, आता हायकोर्टासाठी मुंबईची गाडी धरायची. पत्र्याच्या ट्रंकेत बिलं, पत्रव्यवहार, एम.बी.चे उतारे. तिच्यावरच बसून राहा. ट्रंक गेली तर केस गेली. 27 ऑगस्ट 1981 ला औरंगाबादेत खंडपीठ सुरू होईल, तेव्हा हा फलाट सुटेल. तोवर किती छोट्या ठेकेदारांनी प्रवासखर्चाच्या धास्तीनेच मिळेल ते घेतलं असेल, हा विचार मला आजही सोडत नाही. आणि कोर्टाऐवजी वाद लवादाकडे गेला तर? 1940 च्या कायद्याखाली तो एका ओळीत रक्कम लिहून मोकळा होऊ शकतो. कारणं देणं हा सर्वसाधारण नियम झाला तो 1996 च्या कायद्याने.

अजून मागे. 1924, मुंबई हायकोर्ट. बायकांना वकिलीचं दार उघडून जेमतेम वर्ष झालंय. मिठन टाटा, पुढे मिठन लाम, भुलाभाई देसाईंच्या हाताखाली काम शिकतेय. तिला पहिली केस मिळाली ती पक्षकाराला आपला विजय पक्का वाटत होता आणि बाईकडून हरण्याची नामुष्की विरोधकाला द्यायची होती म्हणून. तिने ती केस घेतली. इथे जरा थांब, तिच्याकडे नीट बघ.

आता पैठण, सत्तरचं दशक. जायकवाडीच्या डाव्या कालव्याची खोदाई चालू आहे. डोळे मीट आणि पहार ऐक. मुरमात ती खसकन रुतते. खडकावर ठण्ण वाजते आणि धरणाऱ्याच्या खांद्यापर्यंत झिणझिण्या जातात. ओव्हरसियर टेप धरतो, लांबी, रुंदी, खोली लिहितो. आकडा चुकला तर एका रेषेने खोडून शेजारी सही करतो. पान फाडायचं नाही, पानांवर छापील क्रमांक असतात. मागे डोक्यावर दगडांच्या टोपल्या घेतलेल्या बायका चढण चढताहेत. खडक होता की मुरूम, हे त्यांच्या मानेला विचार. कोणत्याही एम.बी.त त्यांची साक्ष नाही. काही दिवसांनी वर अस्तर येईल आणि मोजायला काही उरणार नाही. आपल्या कामात पुरावा असा रोज गाडला जातो. म्हणून त्या दिवशीची, त्या जागेवरची सही मोलाची.

ये परत. खटल्यात तू बारा निवाडे लावलेस, सगळे उत्तम आहेत. साइटवर मात्र तू एकदाही गेली नाहीस. उद्या सकाळी सातला निघू. उत्तरेकडच्या टोकाचा चर अजून भरलेला नाही. पहार मी सांगून ठेवलीय, टेप तू घे.