लेसरने पत्रा कापायला किती वॉट लागतात?

१९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लेसरचे सामर्थ्य मोजण्यासाठी प्रयोगशाळांमध्ये एक गमतीदार एकक वापरले जाई. त्याचे नाव 'जिलेट'. दाढीची पाती एकामागे एक ठेवायची आणि लेसरचा झोत त्यांतील किती पात्यांना आरपार भोक पाडतो ते मोजायचे. तीन पाती भेदली गेली, तर लेसर तीन जिलेटचा! पण भोक पाडणे वेगळे आणि पत्रा सलग कापणे वेगळे. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचायला सात वर्षे लागली. 'कापायला किती शक्ती हवी?' या प्रश्नाचे उत्तर त्या सात वर्षांच्या इतिहासात सापडते.

१६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी कॅलिफोर्नियात पहिला लेसर चालवला. त्यात माणकाचा स्फटिक होता आणि प्रकाश क्षणभर चमकून थांबत असे. छिद्र पाडायला असे स्पंद पुरतात. १९६५ मध्ये अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिकने तारा ओढण्याच्या हिऱ्याच्या साच्यांना छिद्रे पाडण्यासाठी माणिक-लेसर वापरला. सलग कापण्यासाठी मात्र अखंड झोत सोयीचा.

तो मिळाला १९६४ मध्ये, बेल प्रयोगशाळेत कुमार पटेल यांनी शोधलेल्या कार्बन डायॉक्साइड लेसरमधून. पटेल यांचा जन्म बारामतीचा; १९५८ मध्ये ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले होते. या लेसरमधून १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण बाहेर पडतात. सुरुवातीला शक्ती मिलिवॉटच्या घरात होती. नायट्रोजन आणि हेलियम मिसळल्यावर ती लवकरच शंभर वॉटच्या पुढे गेली.

आता प्रश्न सुटला, असे वाटेल. पण आपण थोडे गणित फळ्यावर मांडू या. समजा, ३०० वॉटचा झोत मिनिटाला १ मीटर वेगाने पुढे सरकतो आहे. म्हणजे प्रत्येक मिलिमीटर लांबीला १८ ज्यूल ऊर्जा मिळते. पत्रा १ मिलिमीटर जाड आणि चीर अर्धा मिलिमीटर रुंद धरली, तर प्रत्येक मिलिमीटरमागे सुमारे ४ मिलिग्रॅम पोलाद बाहेर काढावे लागेल. त्याची वाफ करायला ३० ज्यूलहून अधिक ऊर्जा हवी. नुसते वितळवायला मात्र ५ ज्यूलच्या आसपास पुरते. शिवाय थंड पोलाद हे अवरक्त किरण बहुतांशी परतवून लावते, ती तूट वेगळीच. तेव्हा वाफेचा मार्ग परवडत नाही. वितळवणे परवडते, पण वितळलेला रस चिरेतच राहून पुन्हा थिजला तर कापले काय?

मे १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये वेल्डिंगवर संशोधन करणारे पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी यावर तोड काढली. ३०० वॉटच्या लेसरचा झोत एका बिंदूत आणून त्यांनी त्याच्याबरोबर ऑक्सिजनचा फवारा सोडला, आणि १ मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापला गेला. फवाऱ्याने दोन कामे केली. त्याने वितळलेला रस खाली उडवून लावला आणि तापलेले लोखंड जाळले. १ मिलिग्रॅम लोखंड जळताना जवळजवळ ५ ज्यूल उष्णता देते. म्हणजे कापला जाणारा पत्राच इंधनाचे काम करू लागला!

यंत्राची शक्ती ठरवताना आजही हाच हिशेब करावा लागतो. स्टेनलेस स्टीलची कड काळी पडू नये म्हणून ऑक्सिजनऐवजी नायट्रोजन वापरतात. मग जळण्याची उष्णता मिळत नाही आणि तेवढ्याच जाडीला तेवढ्याच वेगाने कापायला अधिक शक्ती लागते. उलट, कोपऱ्यावर वळताना यंत्राचा वेग निम्मा झाला, तर प्रत्येक मिलिमीटरला १८ ऐवजी ३६ ज्यूल मिळतात आणि कोपरा जळून वितळतो. म्हणून तिथे यंत्र शक्ती उतरवते.

आज कारखान्यांत दहा-वीस किलोवॉटचे लेसर आहेत. तरी 'किती वॉट?' हा प्रश्न एकटा विचारून भागत नाही. कोणता धातू, किती जाड, कोणत्या वेगाने आणि कोणत्या वायूबरोबर, हेही विचारावे लागते. शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक शिकवताना विद्यार्थी विचारतात, 'वेळेने भागून काय मिळते?' तेव्हा आपण त्यांना हा जळलेला कोपरा दाखवू शकतो.