आभासी अवयव वेदना

शस्त्रक्रियेने किंवा अपघाताने गमावलेल्या हातापायाच्या जागी जाणवणाऱ्या वेदनेस आभासी अवयव वेदना असे म्हणतात. अवयवविच्छेदन झालेल्या बहुसंख्य रुग्णांना ती कमीअधिक प्रमाणात जाणवते. नसलेल्या पायाची बोटे जळतात. नसलेली मूठ इतकी आवळते की नखे तळव्यात रुतल्याचा भास होतो. उरलेल्या खुंटाचे दुखणे याहून निराळे. येथे आभास अवयवाचा असतो, वेदनेचा नव्हे. तरीही लोक वेड्यात काढतील या धास्तीने अनेक रुग्ण ती बोलून दाखवत नाहीत.

सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रवाज पारे यांनी तिचे वर्णन केले. अमेरिकी यादवी युद्धातील जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये तिला आजचे नाव रूढ करून दिले.

कारणमीमांसा

कापलेल्या मज्जातंतूंच्या टोकाशी गाठी बनून त्या अनियमित संदेश पाठवू लागतात आणि मेरुरज्जूतील पेशी अतिसंवेदनशील होतात. मेंदूच्या बाह्यकात साऱ्या शरीराचा जणू नकाशा असतो व त्यात हाताशेजारी चेहरा येतो. गालाला केलेला स्पर्श गमावलेल्या हातावर जाणवणारे रुग्ण चेताशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांना १९९०च्या दशकात आढळले. चेहऱ्याचा भाग हाताच्या मोकळ्या जागेत पसरतो, असे अनुमान त्यांनी मांडले. पुढील मेंदूप्रतिमांत मात्र हाताचा मूळ नकाशा अनेक वर्षे टिकून असल्याचे दिसले. त्यामुळे हा वाद अद्याप मिटलेला नाही.

उपचार

रामचंद्रन यांचाच आरशाचा उपाय सर्वांत स्वस्त होय. उभ्या आरशामागे खुंट लपवून शाबूत हात समोर हलवला की प्रतिबिंबात हरवलेला हात हलताना दिसतो आणि आवळलेली मूठ काहींच्या बाबतीत सैल होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांवरील चाचणीत रोज १५ मिनिटांच्या सरावाने ४ आठवड्यांत वेदना घटल्या. पण सर्वांनाच गुण येतो असे नाही. गॅबापेन्टिन, मॉर्फिन आदी औषधांचे परिणामही संमिश्र आहेत. कापलेली नस जवळच्या स्नायूच्या नसेला जोडण्याची शस्त्रक्रिया अलीकडची आहे.

महाराष्ट्रात मळणीयंत्र, रेल्वे व रस्ते यांवरील अपघात आणि मधुमेह यांमुळे अवयव गमवावे लागतात. दुसऱ्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात सेनादलाचे कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. कृत्रिम पायाने चालणे सुकर होते. वेदना मात्र त्यानंतरही उरू शकते, म्हणून तिची चौकशी स्वतंत्रपणे करावी लागते.