पान्हा आणि ऑक्सिटोसिन

पान्हा : पिलाच्या स्पर्शाने किंवा ओळखीच्या हाताने मादीच्या कासेत दूध उतरण्याची क्रिया. ती दिसते कासेत, पण सुरू होते मेंदूत. सडांना स्पर्श झाला की हायपोथॅलॅमसमधील चेतापेशी उत्तेजित होतात, त्यांनी तयार केलेले ऑक्सिटोसिन पीयूष ग्रंथीच्या मागच्या भागातून रक्तात सुटते आणि कासेतील सूक्ष्म दूधपिशव्या आवळल्या जाऊन दूध सडात येते. म्हशीचे बहुतेक दूध या पिशव्यांतच असते; म्हणून भोकरदनपासून मंठ्यापर्यंत जालना जिल्ह्यातील गोठ्यांत आधी रेडकू लावून, पुढ्यात सरकीची पेंड ठेवून मगच धार काढण्याची रीत शास्त्राला धरून आहे. गोठ्यात अनोळखी माणूस आला, जनावर बुजले, तर ते पान्हा चोरते. भीतीने सुटणारे ॲड्रेनॅलिन दूध उतरू देत नाही, हे एली आणि पीटरसन यांनी 1941 मध्ये गायींवर दाखवले. म्हणजे दूध केव्हा उतरेल हे परिस्थिती ठरवते.

यावर आक्षेप असा की इंजेक्शन टोचताच दूध येते, मग रेडकू आणि ओळखीचा हात हवेत कशाला? इंजेक्शनचे ऑक्सिटोसिन कासेवर काम करते. रक्तातून ते मेंदूत फारच थोडे शिरते. मातृवर्तनाचा, म्हणजे मायेचा, संबंध मात्र मेंदूच्या आत सुटणाऱ्या ऑक्सिटोसिनशी आहे. पेडरसन व प्रँज यांनी 1979 मध्ये ते थेट उंदरांच्या माद्यांच्या मेंदूत सोडले, तेव्हा न व्यालेल्या माद्याही पिले सांभाळू लागल्या. तेव्हा दुधाने भरलेली चरवी हा मायेचा पुरावा नव्हे. माया ऑक्सिटोसिनमुळेच येते, या समजुतीवरचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 1996 मध्ये ऑक्सिटोसिनचे जनुक काढून टाकलेल्या उंदरिणी व्याल्या, त्यांनी पिले जवळही घेतली. दूध न उतरल्याने पिले मात्र दगावली. यावरून दूध उतरण्यासाठी हे संप्रेरक अनिवार्य ठरते, माया मात्र त्या एकाच धाग्यावर टांगलेली नाही. प्रोलॅक्टिन, इस्ट्रोजेन, पिलाचा वास आणि पूर्वीच्या वेतांचा अनुभवही तिच्यात मिसळतात. म्हणूनच ऑक्सिटोसिनला ‘प्रेमाचे संप्रेरक’ म्हणणे अपुरे आहे. ते मादीला पिलाकडे वळवायला मदत करते, एवढेच खात्रीने म्हणता येते.

मुक्या जनावराला रोज सुई टोचून दूध ओढणे हा या व्यवस्थेवरचा अन्याय आहे. पुढे कास सुईवाचून सहज पान्हवत नाही. दूध वाढवण्यासाठी जनावराच्या प्रकृतीला घातक ठरेल असे काहीही टोचणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या कलम 12 नुसार गुन्हा आहे.