शिंदे : एका आडनांवाचा प्रवास



इंग्रजांच्या देशांत आपल्या आडनांवाचा माग काढीत बसणें हा पुष्कळ सुशिक्षित माणसांचा आवडता उद्योग आहे. स्मिथ म्हणजे मूळचा लोहार, टेलर म्हणजे शिंपी, स्किनर म्हणजे कातडीं कमावणारा. १०६६ सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत हीं नांवें पिढीजाद होत गेलीं, आणि १५३८ सालीं प्रत्येक चर्चमध्यें बारसें, लग्न व दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम सुटल्यामुळें पुढील संशोधकांची मोठीच सोय झाली. आपल्याकडे देवळांत अशा वह्या कोणी ठेवल्या नाहींत. आपल्याकडे आहेत ते शिलालेख, ताम्रपट, वतनाचे महजर, आणि बैलावर बसून दारोदार फिरणाऱ्या हेळव्यांच्या तोंडच्या वंशावळी. या साधनांवरून एखाद्या आडनांवाचा प्रवास कितपत सांगतां येतो, हें एका उदाहरणानें पाहावें असा आजचा विचार आहे.

माझें राहणें सोलापुरांत सात रस्त्यावर. त्या भागांतून सकाळीं फिरावयास निघावें आणि घरांवरील पाट्या वाचीत जावें, तर तेलुगु, कानडी, गुजराथी, उर्दू आणि मराठी अशीं पांच भाषांचीं आडनांवें तासाभरांत वाचून होतात. तेलंगणांतून मागावर पोट भरावयास आलेल्या पद्मशाली मंडळींचें घराण्याचें नांव त्यांच्या मूळ रिवाजाप्रमाणें आधीं येतें. आम्हां मराठी लोकांचें शेवटीं. या सर्वांतून मीं मुद्दाम असें आडनांव निवडलें आहे कीं, जें महाराष्ट्रांतील बहुधा प्रत्येक तालुक्यांत सांपडेल व ज्याचें कोणास नवल वाटणार नाहीं. तें म्हणजे शिंदे.

या आडनांवाची लोकांत प्रचलित असलेली व्युत्पत्ति सोपी आहे. शिंदीच्या झाडांचें बन ज्यांच्या गांवाजवळ, ते शिंदे. शिंदखेड, शिंदेवाडी हीं गांवांचीं नांवें पाहिलीं म्हणजे हें पटूं लागतें. परंतु गांवावरून किंवा जागेवरून पडलेल्या आपल्या आडनांवांस बहुधा ‘कर’ हा प्रत्यय लागतो. शिंदे हें नांव त्या पंक्तींत बसत नाहीं. तें बसतें तें निराळ्या पंक्तींत : मोरे, कदम, जाधव, साळुंखे, पवार. या नांवांकडे पाहतांच मौर्य, कदंब, यादव, चालुक्य, परमार हीं राजकुळें डोळ्यांपुढें येतात. मग शिंद्यांच्या मागें कोणतें राजकुळ उभें आहे?

याचें उत्तर सोलापूरच्या दक्षिणेस, कृष्णेच्या पलीकडे मिळतें. अकराव्या व बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक म्हणून ‘सिंद’ नांवाचें एक कुळ कर्नाटकांत राज्य करीत होतें. त्यांच्या अनेक शाखा होत्या. एक बागलकोटकडे, एक थेट शिमोग्याकडे बेळगुत्तीस, आणि सर्वांत बलिष्ठ ती यलबुर्ग्याची. यलबुर्गें हें गांव आज कोप्पळ जिल्ह्यांत आहे. या राजांचे कानडी लेख जॉन फ्लीट या विद्वानानें वाचले व १८८२ सालीं कानडी मुलखांतील राजवंशांचा जो इतिहास त्यानें प्रसिद्ध केला, त्यांत सिंदांचा वृत्तांत दिला. भैरनमट्टी येथील शिलालेखांत या कुळाच्या उत्पत्तीची कथा कोरलेली आहे. नागराज धरणेंद्र यास पृथ्वी पाहण्याची इच्छा झाली. त्यापासून सिंधुनदीच्या प्रांतांत अहिच्छत्र येथें एक लांब बाहूंचा पुत्र जन्मला. त्यास वाघानें वाढविलें. त्याचें नांव सिंद. पुढें त्यानें कदंब राजाची कन्या वरिली. या कुळाचें लांछन वाघ आणि निशाणावर नाग.

ही कथा इतिहास नव्हे हें सांगावयास नकोच. बाराव्या शतकांतील कोणताहि मांडलिक थोडा वर आला कीं त्यास उत्तरेकडील एखादी नदी आणि एखादा देव मूळपुरुष म्हणून लागत असे. पण कथेंतील नाग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. मराठ्यांतील शिंदे आपणांस नागवंशी म्हणवितात, आणि पुढें ग्वाल्हेर संस्थानाच्या राजचिन्हांतहि नागच आला.

आतां ‘सिंद’चें ‘शिंदे’ कसें झालें असें कोणी विचारील. त्यास मी स्वयंपाकघरांत घेऊन जाईन. सैंधव मिठास आपल्या आज्या शेंदेलोण म्हणत. देवाला लावावयाचा सिंदूर तो आपला शेंदूर. मराठी जिभेस ‘सि’ व ‘सैं’ यांचें ‘शि’ व ‘शें’ करण्याची जुनी खोड आहे, आणि त्या खोडीनें सिंदाचा शिंदा होण्यास कांहीं आडकाठी नाहीं.

या सिंदांचा आमच्या सोलापूर जिल्ह्याशीं जवळचा संबंध आला होता. कलचुरी बिज्जल हा मंगळवेढ्याच्या घराण्यांतला. चालुक्यांचा मांडलिक असून ११५६-५७ च्या सुमारास तो आपल्या धन्याचेंच सिंहासन बळकावून बसला. सोलापुरांत सिद्धरामेश्वर तलाव बांधवीत होते तो हाच काळ. या बिज्जलाची कन्या सिरियादेवी ही यलबुर्ग्याचा सिंद राजा दुसरा चावुंड यास दिलेली होती. पट्टदकल येथें या चावुंडाच्या वेळचा ११६२-६३ च्या सुमाराचा शिलालेख आहे. म्हणजे मंगळवेढ्याची लेक साडेआठशें वर्षांपूर्वीं सिंदांच्या घरीं नांदत होती.

यानंतर मात्र धागा तुटतो. बाराव्या शतकांतील यलबुर्ग्यापासून सतराव्या शतकांतील साताऱ्यापर्यंत पांचशें वर्षांची दरी आहे, आणि तीवर पूल बांधील असा एकहि कागद नाहीं. हेळवी ती दरी एका श्वासांत ओलांडतो. इतिहास शिकविणाऱ्यानें तसें करूं नये. नांव टिकलें, कुळचिन्ह टिकलें, एवढें म्हणण्यास आधार आहे. रक्त तेंच, असें म्हणण्यास नाहीं. मोठ्या कुळाचें नांव त्याच्या पदरीं असलेले शिपाई, कुणबी, गुराखी हेहि लावूं लागतात. शिंदे हें नांव असेंच पसरलें असावें, असें माझें मत आहे.

कागदांत शिंदे ठळकपणें दिसूं लागतात ते कोरेगांव तालुक्यांतील कण्हेरखेडास. तेथील पाटिलकी त्यांच्याकडे होती. राणोजी शिंदे हा पेशव्यांचे जोडे सांभाळणारा हुजऱ्या होता. धन्याची वाट पाहतां पाहतां त्यास झोंप लागली तरी जोडे त्यानें छातीशीं घट्ट धरले होते, आणि ती निष्ठा पाहून त्याची बढती झाली, ही गोष्ट सर जॉन माल्कम यानें १८२३ सालच्या आपल्या ग्रंथांत दिली आहे आणि तेव्हांपासून ती शाळेच्या पुस्तकांतून फिरत आहे. गोष्ट गोड आहे. पण याच कण्हेरखेडच्या शिंद्यांची मुलगी औरंगजेबाच्या कैदेंत असलेल्या शाहूस दिलेली होती, असें ग्रँट डफ लिहितो. छत्रपतींशीं सोयरीक जडलेलें घराणें अगदींच जोडे उचलणारें नसावें. विलायती लेखकांस हिंदुस्थानांतील मोठा माणूस धुळींतून एकदम वर आलेला दाखविण्याची हौस असे, तिचाहि कांहीं वांटा या गोष्टींत असेल.

१७३० च्या सुमारास माळव्याची वांटणी झाली आणि राणोजीनें उज्जयिनीस आपलें ठाणें केलें. येथून या आडनांवाचें खरें स्थलांतर सुरू होतें, आणि त्याची किंमत या घराण्यानें जबर मोजली. राणोजी १७४५ त शुजालपुरास वारला. थोरला मुलगा जयाप्पा १७५५ त नागोरास मारला गेला. दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजीं दिल्लीजवळ बुराडीच्या घाटावर पडला. जयाप्पाचा मुलगा जनकोजी पानिपतानंतर पकडला जाऊन मारला गेला. मागें राहिला तो पायानें अधू झालेला महादजी. १७८४ त बादशहाचा वकील-इ-मुतलक झाल्यावरहि तो आपणांस पाटीलच म्हणवीत असे. दिल्लीची सत्ता हातीं असलेला माणूस कण्हेरखेडची पाटिलकी सोडावयास तयार नव्हता, ही गोष्ट मला जोड्यांच्या गोष्टीपेक्षां अधिक बोलकी वाटते. १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं पुण्याजवळ वानवडीस तो वारला. तेथें त्याची छत्री आहे. त्याच्यामागून दौलतरावानें १८१० त ग्वाल्हेरीस छावणी केली. त्या छावणीचेंच शहर झालें व त्याचें नांव लष्कर असेंच राहिलें. शिंद्यांबरोबर गेलेले शितोळे, फाळके, आंग्रे तेथें स्थायिक झाले, आणि चंबळेच्या मुलखांत मराठी आडनांवें रुजलीं.

नांवाचें रूप मात्र वाटेंत पालटलें. मराठींत ‘शिंद्यांची फौज’, ‘शिंद्याचा वकील’ असें आपण म्हणतों. हें ‘शिंद्या’ कानीं पडून उत्तरेकडील लोकांनीं ‘सिंधिया’ केलें असावें, असा माझा तर्क आहे. त्यांच्या जिभेस ‘इया’ हा शेवट सवयीचा. इंग्रजांनीं तें उचललें व कधीं एस, कधीं एस-सी लावून लिहिलें. पुढें स्किंदिया असें वाचावें कीं काय अशी शंका यावी तें स्पेलिंग कायम झालें. मौज अशी कीं, ज्या सिंधुनदीपासून भैरनमट्टीच्या शिलालेखानें हें कुळ काढलें होतें, तिचें नांव हिंदी लोकांनीं न कळत पुन्हां त्यांत घातलें.

सूड म्हणा हवें तर, पण शिंद्यांच्या फौजेंतील एका इंग्रजी आडनांवाचीहि अशीच गत झाली. जेम्स स्किनर हा स्कॉटिश बापाचा व रजपूत आईचा मुलगा १७९६ च्या सुमारास शिंद्यांच्या कवायती कंपूंत नोकरीस लागला. कातडीं कमावणाऱ्या कोणा पूर्वजाचें तें नांव शिपायांच्या तोंडीं ‘सिकंदर’ झालें. १८०३ त इंग्रजांशीं लढाई जुंपतांच त्यास शिंद्यांची नोकरी सोडावी लागली. इंग्रजांकडे त्यानें जें घोडदळ उभारलें तें पुढें फार नांवाजलें. पण मरेपर्यंत तो सिकंदर साहेबच राहिला. चांभाराचा अलेक्झांडर होण्यास हिंदुस्थानांत केवळ एक उच्चार पुरला.

पुढें हें आडनांव समुद्रावरहि गेलें, आणि तेथें तें नेलें सोलापूरकरानें. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरांत झाला. (यांचें घराणें मूळचें दोशी, पण बापाचेंच नांव आडनांवाच्या जागीं रूढ झालें.) पहिल्या महायुद्धांत ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनीं १८९१ सालीं बांधलेली एक आगबोट विकत घेऊन ती रुग्णवाहू जहाज म्हणून दिली होती व तिचें नांव लॉयल्टी ठेवलें होतें. १९१९ त वालचंद, नरोत्तम मुरारजी प्रभृतींनीं ती विकत घेतली आणि जी कंपनी काढली तिला सिंदिया हें नांव दिलें. हे नरोत्तम म्हणजे सोलापूरची पहिली गिरणी काढणाऱ्या मुरारजी गोकुळदासांचे चिरंजीव. ५ एप्रिल १९१९ रोजीं लॉयल्टी मुंबईहून लंडनास निघाली. १९६४ पासून तो दिवस राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. बोटी चालविणें हा इंग्रजांचाच मक्ता आहे अशा समजुतीच्या काळांत, कण्हेरखेडच्या पाटलांचें आडनांव इंग्रजी अंगरखा घालून इंग्रज कंपन्यांशींच झगडावयास उतरलें.

ही झाली गेलेल्यांची हकीगत. गेले ते थोडे. मी वर्गावर असतां एका मुलानें, त्याचा बाप गिरणींत बदली कामगार होता, मला विचारलें, “गुरुजी, आम्ही ग्वाल्हेरच्या शिंद्यांपैकीं का?” बाकांवरून हंशा झाला. तो हंशा कां झाला हें मला ठाऊक होतें. त्या मुलाची जात वर्गास ठाऊक होती. मीं त्यास एवढेंच सांगितलें कीं, ग्वाल्हेरचे शिंदे आपल्यापैकीं आहेत, कारण नांव इकडून तिकडे गेलें, तिकडून इकडे आलें नाहीं. मग फळ्यावर यलबुर्गें, मंगळवेढें, कण्हेरखेड अशीं ठिकाणें काढून दाखविलीं. आडनांवावरून जात ओळखण्याची सवय आपल्याकडे फार; पण शिंदे या आडनांवापुढें ती सवय चालत नाहीं. मराठा, धनगर, महार, मांग, ढोर अशा किती तरी जातींत तें आहे.

शिवाय हें नांव केवळ तलवारीच्या जोरावर मोठें झालें असेंहि नाहीं. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापून पुरुषांस जाब विचारला. फ्लीटचा सिंदांवरील ग्रंथ निघाला तेंच हें साल. विठ्ठल रामजी शिंदे १८७३ त जमखिंडीस जन्मले. तो मुलूख जुन्या बागलकोटी सिंदांचा. त्यांनीं १९०६ त अस्पृश्यांच्या शिक्षणासाठीं मिशन काढलें आणि त्यापायीं आपल्याच जातीचा रोष पत्करला. गायक प्रल्हाद शिंदे मंगळवेढ्याचे. आणि सुशीलकुमार शिंदे येथल्या सत्र न्यायालयांत बेलीफ होते, ते २००३ त महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. यांच्यापैकीं कोणासहि कण्हेरखेडची वंशावळ जोडून घ्यावी लागली नाहीं.

तो विद्यार्थी पुढें रेल्वेंत लागला. त्याच्या मुलाचें नांव शाळेंत घालतांना इंग्रजी अर्जावर त्यानें आडनांव कसें लिहावें म्हणून मजकडे विचारणा केली. कोणी तरी त्यास सिंदियाचें स्पेलिंग भपकेदार दिसतें असें सुचविलें होतें. अर्ज त्यानें शेवटीं स्वतःच भरला. त्यावर त्यानें शिंदे असेंच लिहिलें होतें.