स्पोर्ट्स कारचा वाढता बांधा : प्रस्तावना

मोटारींविषयी आपल्याकडे भरपूर बोलले जाते. पण ते बोलणे बहुधा किंमत, ॲव्हरेज आणि पिकअप यांपुढे सरकत नाही. आकारमानाचा विषय निघतो तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये दार पूर्ण उघडेनासे झाले म्हणजे, आणि तेव्हाही दोष शेजाऱ्याच्या माथी जातो. त्या अडलेल्या दारामागे साठ वर्षांचा इतिहास आहे. त्यात कायदे आहेत, कर आहेत, अपघातांचा अभ्यास आहे, टायरचे तंत्र आहे आणि कंपन्यांची आपसातली चढाओढही आहे. हा इतिहास स्पोर्ट्स कारच्या वाटेने वाचावा, अशी या प्रस्तावनेची विनंती आहे.

स्पोर्ट्स कारच का, हे वाचकांनी जरूर विचारावे. पुण्यातल्या बिबवेवाडीच्या रस्त्यांवर ती क्वचितच दिसते आणि दिसली तरी पुढच्या स्पीडब्रेकरपाशी तिची गती बैलगाडीची होते. तरीही अभ्यासाला तीच सोयीची, याला कारण आहे. कुटुंबाची गाडी मोठी झाली तर कोणी कुरकुर करीत नाही. मागच्या बाकावर गुडघ्यांना जागा मिळते, डिकीत एक बॅग जास्त मावते. स्पोर्ट्स कार मात्र हलकी, बुटकी आणि वळणावर चटकन वळणारी असावी म्हणूनच बांधतात. वाढलेला प्रत्येक किलो आणि प्रत्येक सेंटिमीटर तिच्या मूळ हेतूच्या आड येतो. असे असूनही ती पिढ्यानपिढ्या वाढत आली. जिला वाढायचे नव्हते ती का वाढली, हे कळले की बाकीच्या गाड्यांचे कोडे सुटायला फारसा वेळ लागत नाही.

नवख्या वाचकाने सुरुवात पोर्शे ९११ पासून करावी. इतकी वर्षे एकाच नावाने, एकाच घडणीने, इंजिन मागच्या चाकांच्याही मागे ठेवून अखंड चालत आलेली दुसरी स्पोर्ट्स कार नाही, त्यामुळे तुलना स्वच्छ होते. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती प्रथम दिसली. लांबी ४,१६३ मिलिमीटर, रुंदी १,६१० मिलिमीटर, वजन साधारण १,०८० किलो. २०१८ साली सादर झालेली ९९२ ही पिढी ४,५१९ मिलिमीटर लांब, १,८५२ मिलिमीटर रुंद आणि दीड टनाची आहे. म्हणजे लांबी ३५६ मिलिमीटरनी वाढली. (ज्या गाडीची जागा ९११ ने घेतली तिचे नाव पोर्शे ३५६ होते, योगायोग असला तरी लक्षात ठेवायला बरा आहे.) रुंदीतली वाढ २४२ मिलिमीटरची. मूळ आकडाच लहान असल्यामुळे ती लांबीतल्या वाढीपेक्षा कितीतरी जड ठरते.

लांबीच्या आकड्यावर एकदम विश्वास ठेवू नका, हा या विषयातला पहिला धडा ९११ च देते. १९६९ च्या मॉडेलसाठी पोर्शेने तिचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर, २,२११ वरून २,२६८ मिलिमीटर केले. मागच्या टोकाला लटकलेल्या इंजिनामुळे गाडी वळणावर दगा देत असे, तिला काबूत आणण्यासाठी हा बदल होता. गाडी मुळातून बदलली, पण एकूण लांबी होती तेवढीच राहिली. उलट १९७४ च्या मॉडेलची लांबी ४,२९१ मिलिमीटर झाली, आणि ती कशामुळे? मुख्यतः बंपरमुळे. अमेरिकेने कमी वेगाच्या धडकेत गाडीचे नुकसान होऊ नये असा नियम केला आणि पत्र्याच्या नाजूक कडांच्या जागी पुढे आलेले जाड बंपर बसले. गाडीचा स्वभाव बदलला तेव्हा लांबी हलली नाही. कायदा बदलला तेव्हा हलली. म्हणून व्हीलबेस आणि रुंदी आधी पाहावी, लांबी मागाहून.

वाढीमागे कोणा एकाची हौस शोधायला गेलात तर निराशा पदरी येईल. जुन्या वाड्याला एका पिढीने पडवी जोडावी, दुसरीने माळा काढावा, तिसरीने न्हाणीघर आत आणावे, प्रत्येकाची गरज रास्त असावी, आणि शेवटी मूळ नकाशा कोणालाच ओळखू येऊ नये, तसे हे झाले आहे. टायरचेच घ्या. पहिल्या ९११ ला चारही चाकांना १६५ मिलिमीटर रुंदीचे टायर होते. ९९२ कॅरेराच्या मागच्या चाकांना २९५ चे आहेत. इंजिनाची ताकद वाढली, ती रस्त्यावर उतरवायला रुंद टायर लागले, ते झाकायला मागचे मडगार्ड फुगले. ताकदीबरोबर उष्णता आली, ती घालवायला रेडिएटर आले, त्यांना पुढच्या कोपऱ्यांत जागा लागली. वजन वाढले म्हणून ब्रेक मोठे झाले, ते मावावेत म्हणून रिम मोठ्या झाल्या. एक सुटे पाऊल कुठेच नाही. प्रत्येक पाऊल आधीच्यामुळे पडलेले.

सुरक्षिततेचा हिशेब याहून मोठा, आणि त्याचे एक केंद्र आपल्याच शहरात आहे. कोथरूडच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ साली स्थापन झाली. गाडी रस्त्यावर आणण्याआधी ज्या कसोट्या द्याव्या लागतात त्यांतल्या अनेकांचे कागद आणि चाचण्या या संस्थेतून जातात. समोरच्या धडकेचे एआयएस-०९८ आणि बाजूच्या धडकेचे एआयएस-०९९ हे निकष भारतात नव्या मॉडेलांना १ ऑक्टोबर २०१७ पासून लागू झाले. गाडीची सुरक्षितता दाखवणारे भारत एनकॅपचे तारे १ ऑक्टोबर २०२३ पासून. युरोपात हे सगळे बरेच आधी घडले होते. समोरची धडक सोसायची तर चुरगळायला पुढे लांबी हवी. बाजूच्या धडकेत प्रवासी आणि पत्रा यांच्यामध्ये काहीतरी हवे, म्हणून दारात पोलादी तुळई आली, दाराखालचा उंबरा जाड झाला. पादचाऱ्याचे डोके बॉनेटवर आपटले तर खाली कडक इंजिन लागू नये, यासाठी मध्ये मोकळी जागा ठेवायची, म्हणून नाक उंच झाले. तेव्हा बाहेरून फुगलेली गाडी आतून तेवढी प्रशस्त लागत नाही. वाढलेल्या रुंदीतला चांगला हिस्सा दारांनीच खाल्लेला असतो.

आणखी एक कारण बाजाराचे आहे. ग्राहक वयाने आणि उत्पन्नाने वाढतो, कंपनी त्याच्या आवडत्या नावाची गाडी त्याच्याबरोबर वाढवते आणि खाली रिकामी झालेली जागा नव्या लहान गाडीने भरते. १९७४ ची पहिली फोक्सवॅगन गोल्फ ३,७०५ मिलिमीटर लांब होती. तिची धाकटी बहीण पोलो चाकणला बनू लागली तेव्हा ती ३,९७१ मिलिमीटरची होती. धाकटी थोरल्या बहिणीच्या तरुणपणाहून मोठी! स्पोर्ट्स कारच्या घराण्यातही हेच झाले. ९११ महाग आणि भारदस्त होत गेली तशी तिच्या खालच्या पायरीवर १९९६ मध्ये बॉक्स्टर आली.

आता आपल्याकडे वळू. भारतात स्पोर्ट्स कारच्या पिढ्या झाल्याच नाहीत; ज्या जन्मल्या त्या पहिल्या पिढीतच थांबल्या. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली सॅन स्टॉर्म ही फायबरग्लासच्या बांध्याची, दोन आसनांची चिमुकली गाडी हौशी लोकांच्या आठवणीत तेवढी उरली. टाटांनी २०१७ च्या जिनिव्हा प्रदर्शनात रेसमो दाखवली. चार मीटरांच्या आतली, दोन आसनी, देखणी गाडी. पण ती कारखान्याच्या दारातून बाहेर आलीच नाही. मला याची हळहळ आहे, आणि ती लपवण्याचे कारण नाही. त्याआधीच्या काळात तर वाढीचा प्रश्नच नव्हता. कुर्ल्याच्या कारखान्यातली पद्मिनी मुळात १९६० च्या दशकातली फियाट, आणि निरोप घेईपर्यंत तिचा साचा तोच राहिला. स्पर्धा नाही, नवी पिढी नाही, म्हणून वाढही नाही.

वाढ आली तेव्हा भारताने जगाच्या या गोष्टीत स्वतःचे एक प्रकरण जोडले, आणि या प्रस्तावनेला थोडा अभिमान वाटावा असे ते आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात पी. चिदंबरम यांनी लहान गाड्यांवरचे उत्पादनशुल्क २४ वरून १६ टक्क्यांवर आणले. लहान गाडी म्हणजे ४,००० मिलिमीटरपर्यंत लांब, आणि पेट्रोल इंजिन १,२०० किंवा डिझेल इंजिन १,५०० सीसीपर्यंतचे. सप्टेंबर २०२५ च्या जीएसटी बदलांतही ही रेषा कायम राहिली: अलीकडे १८ टक्के, पलीकडे ४०. रेषा पडताच अभियंत्यांनी मोजपट्टी काढली. टाटांनी २००८ मध्ये इंडिगोची डिकी आखडून तिला चार मीटरांच्या आत बसवले, तीच इंडिगो सीएस. मारुतीची डिझायर २००८ मध्ये ४,१६० मिलिमीटर होती, २०१२ ची नवी पिढी ३,९९५. जगभर नवी पिढी मोठी होत असताना इथे ती आखूड झाली. मागून पाहिले तर ती डिकी कोणीतरी सुरीने कापल्यासारखी दिसे. सौंदर्यदृष्टीला ते कधीच पटले नाही, पण गाडी खपली.

परंतु दाबलेली वाढ जिरत नाही, वाट काढते. त्याच डिझायरचा व्हीलबेस तीन पिढ्यांत २,३९० वरून २,४३० आणि मग २,४५० झाला. रुंदी १,६९० वरून १,७३५. करात लांबीचा उल्लेख होता, रुंदीचा नव्हता. रांजणगावला बनणाऱ्या टाटा नेक्सॉनमध्ये ही गोष्ट टोकाला पोहोचली. २०१७ ची नेक्सॉन ३,९९४ मिलिमीटर लांब, म्हणजे रेषेला जेमतेम सहा मिलिमीटर कमी, पण रुंदी १,८११. ही रुंदी पुण्यात १९९५ पासून जुळणी झालेल्या मर्सिडीज ई-क्लासच्या १,७४० पेक्षा जास्त आहे, आणि २०११ च्या पोर्शे ९११ कॅरेराच्या १,८०८ पेक्षाही तीन मिलिमीटरनी जास्त. स्पोर्ट्स कारला वळणासाठी हवी असलेली रुंदी आपल्या घरगुती गाडीने करापोटी कमावली!

हे सारे वाचकांनी पुस्तकातच पाहावे असे नाही. मार्केट यार्डपासून अप्पर इंदिरानगरपर्यंत १९८० आणि ९० च्या दशकांतल्या सोसायट्या पुष्कळ आहेत. बांधकामाच्या नियमांत एका मोटारीसाठी साधारण २.५ मीटर रुंद आणि ५ मीटर लांब जागा धरतात. १,४४० मिलिमीटर रुंदीची मारुती ८०० त्या जागेत उभी केली की दोन्ही बाजूंना मिळून मीटरभराहून अधिक जागा उरत असे. नेक्सॉन उभी केली की सत्तर सेंटिमीटरही उरत नाही, आणि यात बाहेरचे आरसे धरलेले नाहीत. लँबोर्गिनी रेव्हुएल्टो ४,९४७ मिलिमीटर लांब आहे. पाच मीटरांच्या खणात तिला ५३ मिलिमीटर शिल्लक. तिची १९७४ ची पूर्वज काउंटॅश ४,१४० मिलिमीटरची होती.

तेव्हा टेप घेऊन खाली उतरा. माहितीपत्रकातली रुंदी आरशांसह आहे की आरशांविना, हे आधी पाहून घ्या. या एका गोष्टीने निम्म्या तुलना बिघडतात. तुलना करताना एकाच गाडीच्या दोन पिढ्या, तेवढीच दारे आणि शक्यतो सर्वांत साधे मॉडेल घ्या. व्हीलबेसला एकूण लांबीने भागून पाहा. चाके किती टोकाला गेली ते लगेच कळते. टायरच्या कडेवरचा पहिला आकडा म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, तो टिपून ठेवा. दार उघडून त्याची जाडी आणि उंबऱ्याची रुंदी मोजा. बिबवेवाडीतच विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे. तिथल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मला वेगळे सांगायला नको, पण ज्यांचा गणिताशी संबंध शाळेतच सुटला त्यांनीही बिचकू नये. बेरीज-वजाबाकीपलीकडे इथे सहसा काही लागत नाही.

एका मोहापासून मात्र वाचकांनी सावध राहावे. जुन्या गाड्या लहान, म्हणून चांगल्या, असे म्हणणे फार सोपे आहे. १९६३ ची ९११ देखणी आहे यात वाद नाही. पण धडक बसायचीच असेल तर मी स्वतः ९९२ मध्ये बसेन. उलट बाजूने, वाढ अटळ आहे असेही मानू नये. माझदाची एमएक्स-५ ही दोन आसनी गाडी १९८९ मध्ये साधारण ३,९७० मिलिमीटर लांब होती. चौथी पिढी ३,९१५ मिलिमीटरची आली आणि वजन पुन्हा टनाच्या आसपास आले. तिचाही व्हीलबेस २,२६५ वरून २,३१० आणि रुंदी १,६७५ वरून १,७३५ झाली, हे एव्हाना तुम्ही ताडलेच असेल. अभियंत्यांनी ठरवले आणि कंपनीने पैसे मोजले तर नाक-शेपूट आखडता येते. चाकांमधले अंतर आखडणे अवघड.

पुढे जाऊ इच्छिणाऱ्यांनी विजेच्या गाड्यांकडे वळावे. बॅटरी जमिनीलगत, दोन चाकांच्या मध्ये बसते. तिला व्हीलबेस हवा आणि तिच्यावर बसणाऱ्या माणसाला उंची. बुटकेपणा हा ज्या गाडीचा प्राण, तिच्यात ही जाड फळी घालायची कशी, यावर सध्या जगभर डोकेफोड चालू आहे. काही जण बॅटरी पाठीमागे, जिथे इंजिन असे तिथे, उभी रचून पाहत आहेत. या गाड्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढ्या अजून यायच्या आहेत, त्यामुळे त्यांची मापे पहिल्यापासून टिपून ठेवण्याची संधी आजच्या वाचकाला आहे.

बिबवेवाडी, पुणे