'पहा' : एका छोट्या शब्दाचा इतिहास



आजचा विषय दिसायला अगदी लहान आहे. कोश चाळताना नोंदीच्या शेवटी एक शब्द येतो : 'पहा'. त्याच्यापुढे दोन-चार नावे असतात. बहुतेक वाचक तिथवर पोचतच नाहीत, आणि पोचले तरी दुसरा खंड कपाटातून काढायचा कंटाळा करतात. पडद्यावर वाचताना हा शब्द दिसत नाही. त्याच्या जागी निळी अक्षरे येतात, त्यांच्यावर बोट ठेवले की दुसरे पान उघडते. तरुण मंडळी त्याला 'अंतर्गत दुवा' म्हणतात, म्हणजे एकाच ग्रंथातल्या किंवा एकाच संग्रहातल्या एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारी वाट. ही वाट मराठीत कुणी, कशी बांधली, आणि ती बांधलीच नाही तर काय बिघडते, एवढेच आज सांगायचे आहे.

भिवंडीत हे सांगणे सोपे जाते, कारण ग्रंथांविषयीचे आपले शब्द मुळात सुताचे आहेत. 'सूत्र' म्हणजे दोरा. 'ग्रंथ' म्हणजे गुंफलेले, गाठ मारलेले. 'प्रबंध' आणि 'निबंध' यांत बांधणे आहे. 'तंत्र' या शब्दाचा एक जुना अर्थ माग, त्यावरचे उभे धागे. मागावर नुसता ताणा चढवला तर कापड होत नाही, हे या गावातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. आडवा बाणा जावा लागतो. कोशातल्या नोंदी हा ताणा आहे. 'पहा' हा बाणा.

आता इतिहासाकडे वळू. मराठीतले एक फार जुने उदाहरण महानुभावांचे आहे. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात 'लीळाचरित्र' रचले. त्यात चक्रधरस्वामींची वचने प्रसंगात गुंतलेली आहेत : कुणीतरी काही विचारले, काहीतरी घडले, तेव्हा स्वामी असे म्हणाले. केसोबासांनी त्यातली वचने वेगळी काढली आणि विषयवार लावली. तो 'सूत्रपाठ'. संहार, संसरण, उद्धरण, आचार, विचार अशी त्याची प्रकरणे आहेत. फायदा उघड होता, एका विषयावरची वचने एका जागी मिळू लागली. पण तोटाही तेवढाच उघड होता. वचन कुणाला उद्देशून होते, कोणत्या प्रश्नाचे उत्तर होते, हे सुटले. उत्तर हाती आणि प्रश्न हरवलेला, अशी वाचकाची अवस्था होते.

पंथातल्या अभ्यासकांनी हे ओळखले आणि 'प्रकरणवश' नावाचे वाङ्मय उभे केले. त्याचे काम एकच : हे सूत्र कोणत्या लीळेत, कोणत्या प्रसंगी आले ते सांगणे. म्हणजे बघा, आधी वचन प्रसंगातून सोडवले, मग त्याची प्रसंगाकडे जाणारी वाट पुन्हा बांधली. 'दृष्टांतपाठा'तही हीच शिस्त दिसते. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे दृष्टांतातले काय सिद्धांतातल्या कशाला लागू पडते ते. नुसती गोष्ट सांगून सोडून दिले नाही, दोन्ही टोके बांधली.

मुद्रणाच्या काळात अडचण वेगळी होती. रघुनाथ भास्कर गोडबोले यांचा 'भारतवर्षीय प्राचीन ऐतिहासिक कोश' १८७६ साली आला, अर्वाचीन कोश १८८१ साली. अशा कोशांची मांडणी अकारविल्हे असते. शोधायला ती सोयीची, पण समजायला अडचणीची. 'अ' आणि 'क' यांचे वर्णमालेत जे नाते आहे ते वर्णमालेपुरतेच आहे. अकबर आणि अकरोड शेजारी बसतात, आणि अकबर व तोडरमल यांच्यात शेकडो पाने जातात. युरोपातही हाच पेच होता. एफ्राइम चेंबर्सने १७२८ च्या आपल्या कोशात विखुरलेल्या नोंदी परस्परसंदर्भांनी जोडल्या. दिदेरोने १७५५ साली आपल्या महाकोशातल्या 'कोश' या नोंदीत या संदर्भांची चर्चाच केली. त्याचे म्हणणे असे की काही संदर्भ विषय स्पष्ट करतात, तर काही वाचकाच्या मनात शंका पेरतात. नरमांसभक्षकांवरच्या नोंदीतून वाचकाला ख्रिस्ती प्रसादविधीच्या नोंदीकडे पाठवले होते. वाक्य एकही लिहिले नाही, नुसते 'पहा' म्हटले. सेन्सॉरला कात्री लावायला वाक्य सापडायला नको!

आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी या पेचाला आपल्या पद्धतीने उत्तर दिले. १९२० ते १९२९ या काळात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड निघाले. त्यांतले पहिले पाच प्रस्तावनाखंड आहेत : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. अकारविल्हे नोंदी त्यांच्यानंतर सुरू होतात. म्हणजे आधी सलग चित्र, मग तुकडे. शिवाय एक स्वतंत्र सूचीखंड. केतकर समाजशास्त्रज्ञ होते. सुटी माहिती वाचून वाचक बहुश्रुत दिसतो, पण त्याला जगाचा आकार कळतोच असे नाही, हे त्यांनी मांडणीतूनच दाखवले.

सिद्धेश्वरशास्त्री चित्रावांच्या चरित्रकोशात आणखी एक प्रश्न सुटलेला दिसतो. १९३२ च्या 'प्राचीन चरित्रकोशा'त एकाच नावाच्या अनेक व्यक्ती क्रमांक देऊन वेगळ्या केल्या आहेत. दुष्यंताचा भरत वेगळा, दशरथाचा वेगळा. दुवा बांधण्याआधी हे पाहावे लागते, कारण चुकीच्या भरताकडे पाठवलेला वाचक परत यायचा नाही.

मग आला मराठी विश्वकोश. १९६० साली राज्य झाले, त्याच वर्षी साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईला काम सुरू झाले. पहिला खंड १९७६ साली प्रकाशित झाला, पण त्याआधी १९७३ साली परिभाषाखंड बाहेर आला होता. हा क्रम आम्हाला फार अर्थपूर्ण वाटतो. शब्द ठरल्याशिवाय नोंदी जुळत नाहीत. एका लेखकाने 'ज्ञानमीमांसा' म्हटले आणि दुसऱ्याने 'प्रमाणशास्त्र', तर दुवा बांधायचा कुठे?

विश्वकोशाच्या नोंदींत मधेच एखाद्या नावाआधी बाण येतो, आणि शेवटी 'पहा' येते. समजा, 'अद्वैतवाद' या पहिल्या खंडातल्या नोंदीने वाचकाला 'शंकराचार्यां'कडे पाठवायचे आहे. 'श' हे अक्षर वर्णमालेच्या पार शेवटाकडे. तो खंड यायला कित्येक वर्षे आहेत, लेखक कदाचित ठरलेलाही नाही. तरी बाण काढायचा. असा बाण म्हणजे वचन असते : ही नोंद आम्ही लिहू, आणि इथे जे अर्धे सोडले आहे ते तिथे पूर्ण करू. लक्ष्मणशास्त्री १९९४ साली गेले, त्यांच्यानंतर मे. पुं. रेगे यांच्यासारख्या तत्त्वज्ञाने धुरा घेतली, काम पुढच्या पिढ्यांकडे गेले. एका पिढीने काढलेले बाण दुसऱ्या पिढीने पाळले. संस्था म्हणजे दुसरे काय असते?

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. दे. द. वाडेकरांचा तीन खंडांचा 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' १९७४ साली आला, तो आमच्या पिढीच्या हाताखालचा. त्यामुळे आम्हाला विचारावेसे वाटते की दुवा म्हणजे नेमके काय? नैयायिकांनी याचे उत्तर 'संगती' या नावाखाली देऊन ठेवले आहे. एका विषयानंतर दुसरा विषय का आला, याची त्यांनी सहा कारणे मानली. प्रसंग : बोलता बोलता आठवले आणि टाळता येत नाही. उपोद्घात : हातातला विषय सिद्ध करायला ते आधी लागते. हेतुता : एक दुसऱ्याचे कारण आहे. अवसर : आधीची जिज्ञासा शमली, आता याची पाळी. निर्वाहकैक्य : दोन्हींचा निर्वाह एकाच गोष्टीने होतो. कार्यैक्य : दोन्हींचे फळ एक. यांतले एकही कारण सांगता येत नसेल तर विषय जोडू नये, असा हा दंडक.

यावरून पाहिले तर दुवा हे एक विधान आहे, हे समजण्यासाठी ते लागते, असे. आणि विधान म्हटले की ते खरे किंवा खोटे असू शकते. संगणकयुगात नेमके याचे विस्मरण झाले. १९९८ च्या सुमारास लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी एखाद्या पानाकडे येणारे दुवे मोजून आणि तोलून त्याचे महत्त्व ठरवण्याची पद्धत मांडली. कल्पना हुशारीची होती. पण मोजले जाते म्हटल्यावर लोक मोजणीसाठी दुवे घालू लागले. दर तिसरा शब्द निळा. तो सगळा प्रसंगसंगतीचा बाजार, आणि तीही ओढूनताणून. सगळेच शब्द निळे झाले की वाचकाला कुठे जायचे ते कळत नाही.

आता हे भिवंडीला लावून पाहू. भिवंडीचे नाव निघाले की बाहेरच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात : यंत्रमाग आणि दंगल. दोन सुटी पाने. यंत्रमागाच्या पानावरून १९८२ च्या मुंबईतल्या गिरणी संपाकडे वाट हवी. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली तो संप सुरू झाला. कापडाचे काम गिरण्यांतून मागांकडे सरकणे त्याआधीच सुरू झाले होते, संपाने त्याला वेग दिला. ही हेतुता. ती वाट नसेल तर भिवंडीची भरभराट आणि गिरणगावाची पडझड या दोन वेगळ्या गावांच्या दोन वेगळ्या कहाण्या वाटतात. गिरणगावात संपाचा इतिहास सांगताना भिवंडीचा मागवाला आठवायला हवा, आणि इथे मागाचा इतिहास सांगताना गिरणीकामगार. वाट दोन्ही बाजूंनी हवी.

दुसरे पान अधिक नाजूक आहे. मे १९७० मध्ये इथे दंगल झाली. भिवंडी, जळगाव, महाड या तिन्ही ठिकाणच्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती दि. प्र. मादन आयोगाने केली. १९८४ साली पुन्हा आग लागली. बहुतेक लिखाण इथे थांबते. पण त्यानंतरच्या वर्षांत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या झाल्या, दोन्ही समाजांची साधी माणसे नियमित एकत्र बसू लागली, आणि १९९२-९३ साली मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. १९७० वरून १९८४ कडे वाट आहे आणि १९८४ वरून १९९२ कडे नाही, तर वाचक काय समजेल? हे गाव असेच आहे, असे समजेल. प्रत्येक पानावरचा प्रत्येक शब्द खरा असूनही समजूत खोटी होईल. न बांधलेली वाटही काहीतरी सांगत असते.

तिसरे पान तर कुणाला आठवतच नाही. याच तालुक्यात लोनाडची लेणी आहेत. जवळच चौधरपाड्याला शिलाहार राजा केशिदेवाचा शक ११६१ चा शिलालेख सापडला. शिलाहारांवर लिहिणारे त्याचा उल्लेख करतात, पण भिवंडीवर लिहिणारे क्वचितच. ज्या पानाकडे कुठूनच वाट येत नाही त्याला पोरके पान म्हणता येईल. ते असते, पण सापडत नाही. मराठीतले पुष्कळ चांगले लिखाण आज अशाच स्थितीत आहे. ते नष्ट झालेले नाही, पण शेजारच्या पानाला त्याचा पत्ता ठाऊक नाही.

या व्याख्यानांचेही तेच होऊ शकते. एकेक व्याख्यान उतरवून ठेवले जाते, तारखेच्या क्रमाने. तारखेचा क्रम वर्णमालेसारखाच आहे : सोयीचा, पण मुका. म्हणून तुम्हा ऐकणाऱ्यांना एक काम सांगतो. एखादे व्याख्यान ऐकताना दुसरे आठवले तर ते टिपून ठेवा, आणि सोबत एक वाक्य लिहा : का आठवले. कारण, परिणाम, पूर्वपीठिका की खंडन? एका ओळीत कारण लिहिता आले तर तो दुवा संयोजकांकडे पाठवा, आणि उलट बाजूची वाटही सुचवा. कारण लिहिता येत नसेल तर पाठवू नका. दहा सकारण दुवे पुरेत. शंभर नकोत.

हे काम यंत्रावर सोडून चालेल का, असे कुणी विचारील. यंत्र एकसारखे शब्द जुळवून देईल, तेवढी मदत जरूर घ्यावी. पण १९८४ वाचणाऱ्याला १९९२ दाखवले पाहिजे, हे शब्दांच्या सारखेपणातून निघत नाही. ते गावाची काळजी असणाऱ्यालाच सुचते. ती काळजी असलेली माणसे इथे समोर बसली आहेत, म्हणून हा विषय इथे मांडला. आता प्रश्न विचारा.