मॉस्कोतील चेचेन आणि नोंदीचा शिक्का

चेचन्याची राजधानी ग्रोझ्नी मॉस्कोपासून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर आहे. १९९४ ते १९९६ या काळात व पुन्हा १९९९ पासून तेथे जी युद्धे झाली, त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांची झळ मॉस्कोत स्थायिक झालेल्या चेचेन मुसलमानांस कशी पोहोचली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ते समजून घ्यावयाचे तर आधी एका शिक्क्याची ओळख करून घ्यावी लागते.

सोव्हिएत राजवटीने १९३२ साली देशांतर्गत पारपत्र सुरू केले व त्यावर वास्तव्याच्या नोंदीचा, म्हणजे ‘प्रोपिस्का’चा, शिक्का सक्तीचा केला. आपल्याकडील रेशनकार्डाहून त्याचे महत्त्व कितीतरी अधिक. घर, नोकरी, निवृत्तिवेतन, मुलाची शाळा, सारे त्याच्याशी बांधलेले. १९९३ च्या कायद्याने ही पद्धत रद्द झाली. मॉस्को नगरशासनाने ती ‘नोंदणी’ या नव्या नावाने चालू ठेवली. रशियाच्या घटना न्यायालयाने १९९६ व १९९८ साली तिच्यातील जाचक तरतुदी अवैध ठरविल्या, तरी चौकीवरील व्यवहार फारसा बदलला नाही.

चेचेनांना परागंदा होणे नवे नव्हते. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टालिनने ही सबंध जमात मध्य आशियात हद्दपार केली. परतण्याची मुभा मिळाली ती १९५७ साली. त्या हद्दपारीत वाढलेला रुस्लान खासबुलातोव्ह पुढे मॉस्कोत अर्थशास्त्राचा प्राध्यापक व रशियन संसदेचा अध्यक्ष झाला. ऑक्टोबर १९९३ मध्ये येल्त्सिन यांच्याशी झालेल्या संघर्षात त्याला अटक झाली, आणि त्यानंतरच्या आणीबाणीत नोंदणी नसलेल्या हजारो कॉकेशसवासीयांना शहराबाहेर घालविण्यात आले. चेचन्यातील युद्धास तेव्हा अजून वर्षभराचा अवकाश होता!

सप्टेंबर १९९९ मध्ये मॉस्कोतील दोन निवासी इमारती स्फोटांत कोसळून दोनशेहून अधिक माणसे मेली. शहर भेदरले, आणि ती भीती खरी होती. महापौर लुझकोव्ह यांनी बाहेरून आलेल्या साऱ्यांस फेरनोंदणीचा हुकूम दिला; हजारोंची धरपकड झाली, अनेकांची नोंद नाकारली गेली. नोंदीसाठी घरमालकाची संमती लागे, आणि चेचेनास घर दिल्यास पोलीस दारी येत. म्हणून घरमालकच भाडेकरूस निघून जाण्यास सांगे. ग्रोझ्नीत ज्यांची कागदपत्रे जळाली, त्यांस ती मिळविण्यासाठी ग्रोझ्नीलाच जाण्याचा सल्ला मिळे. खिशात अमली पदार्थ घालून खटले भरल्याच्या तक्रारी मानवी हक्क संस्थांनी नोंदविल्या आहेत. पोलिसांच्या भाषेत अशा माणसास ‘कॉकेशस राष्ट्रीयत्वाची व्यक्ती’ म्हणत. असे कोणतेही राष्ट्रीयत्व अस्तित्वात नाही. पण व्यक्तीसाठी योजिलेल्या ‘लित्सो’ या रशियन शब्दाचा दुसरा अर्थ चेहरा असा आहे, आणि तपासणी चेहरा पाहूनच होई.

याच मॉस्कोत महमूद एसाम्बायेव्ह हा चेचेन नर्तक राहत होता. भारतीय शैलीतील नृत्यांमुळे त्याची ख्याती दूरवर पसरली होती. डोक्यावरची उंच लोकरी टोपी तो कधी उतरवीत नसे; पारपत्रावरील छायाचित्रातही ती होती असे सांगतात. जानेवारी २००० मध्ये, ग्रोझ्नीवर बाँबवर्षाव चालू असताना, त्याचे मॉस्कोत निधन झाले. एकाला मानसन्मान आणि त्याच्या नातलगांएवढ्या जवळच्या माणसांना चौकशी, ही विसंगती त्या शहराला खटकली असे दिसत नाही.

ऑक्टोबर २००२ मध्ये चेचेन बंडखोरांनी दुब्रोव्का नाट्यगृहात शेकडो प्रेक्षकांस ओलीस धरले. सुटकेच्या कारवाईत वापरलेल्या वायूमुळे बहुसंख्य बळी गेले. मृतांची संख्या सुमारे १३०. त्यानंतर घरोघरी झडत्या, बोटांचे ठसे आणि नोकरीवरून काढणे पुन्हा सुरू झाले. स्वेतलाना गानुश्किना आणि ‘मेमोरियल’ संस्थेचे कार्यकर्ते या तक्रारी लिहून घेत व दरवर्षी अहवाल छापीत. युद्धकालीन विशेष राजवट चेचन्यात एप्रिल २००९ मध्ये उठली. तोवर अनेक कुटुंबे पश्चिम युरोपात निघून गेली होती. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयांनी ‘मेमोरियल’च विसर्जित करण्याचा आदेश दिला, छापलेले अहवाल मात्र देशोदेशींच्या वाचकांकडे आधीच पोहोचले होते.